व्हँकुव्हरमधले दोन दिवस आणि दुपारचे साडेतीन

पत्राचा गोषवारा : पन्नाशीच्या एक वाचक लिहितात, "जूनमध्ये आम्ही अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझला चाललो आहोत. मी, यजमान आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. जहाज व्हँकुव्हरहून रविवारी दुपारी साडेचारला सुटतं आणि पुढच्या रविवारी सकाळी तिथंच परत येतं. भारतातून निघून आम्ही शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास व्हँकुव्हरला उतरू. जेट लॅग जावा आणि शहरही बघून व्हावं म्हणून दोन रात्री मुद्दाम हातात ठेवल्या आहेत. यजमानांचा बेत असा : शुक्रवारी संध्याकाळी गॅसटाउन ही शहरातली जुनी वस्ती आणि बाहेर जेवण, शनिवारी गाडी भाड्यानं घेऊन समुद्रापलीकडचं व्हिक्टोरिया आणि तिथली बुचार्ट गार्डन्स ही बाग, रविवारी सकाळी कॅपिलानोचा झुलता पूल आणि तिथून थेट जहाज. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. हे झेपेल असं मला वाटत नाही, पण तसं म्हटलं की 'इतक्या लांब जाऊन हॉटेलात झोपायचं का?' हे उत्तर ठरलेलं. परतीचं विमान क्रूझ संपते त्याच दुपारचं आहे. काय करावं?"

तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे, पण ते सासूबाईंच्या वयामुळे बरोबर आहे असं नाही. तुमच्याबरोबर पंचविशीतली मुलं असती तरी हा बेत मोडला असता. ही यादी घड्याळ बघून केलेली आहे, शरीराकडे बघून नाही.

आधी दोन रात्रींच्या हेतूबद्दल. जेट लॅग जावा म्हणून त्या ठेवल्यात असं तुम्ही म्हणता. त्या दोन रात्रींत तो जाणार नाही. जूनमध्ये व्हँकुव्हर भारताच्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे दिवस आणि रात्र यांची जवळजवळ अदलाबदल. आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, फार तर दीड. रविवारी जहाजावर चढताना ते जेमतेम दोन-तीन तास सरकलेलं असेल. तरीही या रात्री वाया जात नाहीत, कारण त्यांचं खरं काम वेगळं आहे : विमान चुकलं, एक दिवस उशीर झाला किंवा बॅग मागे राहिली, तरी जहाज गाठता यावं. जहाज कुणासाठी थांबत नाही. व्हँकुव्हरहून उत्तरेला जाणाऱ्या जहाजांना तर सेमूर नॅरोज नावाच्या अरुंद खाडीतून जावं लागतं. तिथल्या पाण्याची ओढ १५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे २८ किलोमीटर) जाते, म्हणून भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेतच ती ओलांडायची असते. त्या वेळेवरून मागे मोजूनच जहाजाचा पुढचा प्रवास आखलेला असतो. त्यामुळे दोन रात्री आधी पोचण्याचा तुमचा निर्णय उत्तम आहे, त्यातली एकही कमी करू नका.

आता शरीराचं गणित. प्रत्येकाचा दिवसातला एक तळ असतो. तेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि झोप सगळ्यात गाढ ओढते. घरी रोज आपोआप जाग येते त्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी हा तळ येतो. तुम्ही साडेसहाला उठत असाल तर तो पहाटे चारच्या आसपास, म्हणजे व्हँकुव्हरच्या घड्याळात दुपारी साडेतीन. सासूबाई पाचला उठत असतील तर त्यांचा तळ तिथल्या दुपारी दोनलाच सुरू होईल. याउलट व्हँकुव्हरच्या रात्री दोनला घरी दुपारचे अडीच वाजलेले असतात. पोटात जेवणाची वेळ झालेली असते आणि डोळे टक्क उघडे असतात. कोणत्याही शहरासाठी हे गणित करून पाहता येतं. बार्सिलोनाहून क्रूझ असेल तर उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचाच, म्हणून तळ रात्री साडेबाराला पडतो. संध्याकाळी लवकर डोळे मिटतात, पहाटे लवकर जाग येते, दिवसाचं फिरणं मात्र शाबूत राहतं. तिथं भरगच्च बेत एक वेळ चालून जाईल. व्हँकुव्हरला तळ भर दुपारी येतो, म्हणून दिवसाचा मधला भागच कापला जातो.

हा तळ यजमानांच्या बेतावर ठेवून बघा. शुक्रवारी बाराला विमान उतरलं, इमिग्रेशन आणि बॅगांत तास-दीड तास गेला, तर शहरात पोचायला दोन-अडीच होतात. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी तीन किंवा चारला मिळते. म्हणजे प्रवासानं आंबलेले तुम्ही तिघं नेमके तळाच्या वेळी लॉबीतल्या सोफ्यावर बसलेले असता. चारला खोली मिळते, 'अर्धा तास पडतो' म्हणून सगळे आडवे होतात आणि रात्री नऊला उठतात. मग पहाटेपर्यंत झोप नाही आणि शनिवार हातातून गेला. सगळ्यात जास्त घात होतो तो इथं. हॉटेलला आत्ताच लिहून कळवा की दोन-अडीचला पोचतोय आणि सोबत वयस्क व्यक्ती आहे, खोली लवकर द्या. काही हॉटेलं थोडे जास्त पैसे घेऊन देतात. ते पैसे बागेच्या तिकिटापेक्षा चांगल्या कामी लागतील.

शनिवारच्या व्हिक्टोरियाबद्दल मी ठामपणे नाही म्हणेन. डाउनटाउनहून त्सावासन धक्क्यापर्यंत पाऊण ते एक तास गाडी, फेरीसाठी आधी पोचून थांबणं, फेरीचा प्रवास १ तास ३५ मिनिटं, पलीकडे स्वार्ट्झ बेपासून बुचार्टपर्यंत आणखी अर्धा तास. एका बाजूचेच चार तास धरा. जूनमधल्या शनिवारी गाडीची जागा आधी आरक्षित नसेल तर एक-दोन फेऱ्या हातच्या जाऊ शकतात. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते : कॅनडात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. उलट्या बाजूनं गाडी चालवायचा पहिला दिवस आणि शरीराच्या लेखी पहाटेचे चार, हे दोन्ही एकत्र येता कामा नये. पेंग आलेली चालवणाऱ्याला कळत नाही, धोका आहे तो तिथं. डाउनटाउनमध्ये राहणार असाल तर गाडीची गरजही नाही.

मग 'हॉटेलात झोपायचं का?' या प्रश्नाचं उत्तर काय? नाही, फिरायचं. फक्त पहाटे पाच ते दुपारी दीड या वेळात. व्हँकुव्हर यासाठी फार सोयीचं आहे, कारण जूनच्या मध्याला तिथं पाचच्या सुमारास सूर्य उगवतो.

शुक्रवारी बॅगा हॉटेलवर टाका. खोली मिळाली नसेल तर कॅनडा प्लेसच्या (तुमचं जहाज सुटतं त्या धक्क्याच्या) बाजूनं पश्चिमेला कोल हार्बरची समुद्रकडेची पायवाट धरा. सपाट आहे, बाकं आहेत, समोर समुद्रावर उतरणारी छोटी विमानं दिसतात. तास-पाऊण तास उजेडात राहा आणि परत या. सासूबाईंना झोपू द्या, पण जास्तीत जास्त दीड तास. त्यांना उठवायची जबाबदारी एकानं नाव घेऊन स्वीकारायची. तुम्ही दोघं अर्ध्या तासावर थांबा, अलार्म दोन लावा आणि दुसरा फोन पलंगापासून लांब, बाथरूमच्या ओट्यावर ठेवा. साडेसहाला हलकं जेवण, जवळपासच. साडेनऊपर्यंत टिकलात तर पुष्कळ. सूर्य नऊ-सव्वानऊनंतर मावळतो, म्हणून पडदे साडेआठलाच पूर्ण ओढा, नाहीतर मेंदूला रात्र झाल्याचं कळतच नाही.

रात्री दोन-तीनला जाग येईल. ती येणारच आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. भूक लागेल तर ती मारू नका. संध्याकाळीच दही, केळी, ब्रेड, दूध असं काही खोलीत आणून ठेवलेलं असू द्या. दिवा मंद, फोन लांब, आडवं पडून राहायचं. झोप आली नाही तरी पाय आणि पाठ विश्रांती घेतात.

पाच-साडेपाचला बाहेर पडा. शनिवारचा खरा कार्यक्रम स्टॅन्ली पार्क. हे उद्यान १८८८ पासूनचं, सुमारे ४०० हेक्टरचं. त्याला समुद्राच्या कडेनं वळसा घालणारी सीवॉल नऊ-दहा किलोमीटर भरते, ती पूर्ण करायचा हट्ट नको. ब्रॉक्टन पॉइंटचे कोरीव टोटेम खांब बघा. पर्यटकांच्या बस येण्याआधी तिथं निवांत उभं राहता येतं. सासूबाईंसाठी जाताना टॅक्सी, परत येताना १९ नंबरची बस. नाश्ता करून नऊ-दहाला फॉल्स क्रीकमधल्या छोट्या फेरीबोटीनं ग्रॅनव्हिल आयलंडच्या बाजारात जा. तो नऊला उघडतो. जेवूनच दीडपर्यंत खोलीवर या. संध्याकाळी अंगात त्राण असेल तर गॅसटाउन, वॉटरफ्रंट स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. तिथलं वाफेचं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी शिट्टी देतं. दिसायला जुनं, पण आहे १९७७ सालचं. त्यासाठी अर्धा तास पुरतो. पूर्वेला मेन आणि हेस्टिंग्ज रस्त्यांच्या बाजूला मात्र पुढे जाऊ नका आणि स्वस्त दिसलं म्हणून त्या भागात खोलीही घेऊ नका. बेघर आणि व्यसनात अडकलेली बरीच माणसं तिथं रस्त्यावर राहतात. दमलेल्या अवस्थेत, बॅगा ओढत तिथं वाट चुकणं त्रासाचं होतं.

उजेडाबद्दल थोडं नीट सांगते, कारण 'उन्हात फिरा' हा सल्ला अर्धाच आहे. तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, तळानंतरचा उजेड ते पुढे ओढतो. पश्चिमेला जाताना मागे ढकलणं बहुतेकांना सोपं जातं. म्हणून तुमच्यासाठी सकाळी दहा ते दुपारी दोन हा उजेडात राहायचा वेळ, आणि पहिले दोन दिवस चारनंतर बाहेर पडलात तर गॉगल लावून. दोन्ही वेळा भरपूर ऊन घेतलंत तर घड्याळ धड इकडे जात नाही की तिकडे. चहा-कॉफी दुपारी बारानंतर बंद, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही रक्तात असतं.

मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाची गोळी, काहींना उपयोगी पडतं : तिथल्या झोपायच्या वेळी, अर्धा ते तीन मिलिग्रॅम. त्याहून जास्त घेऊन फायदा वाढत नाही. पण सासूबाईंना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. डॉक्टरांकडे जालच, तेव्हा खरा प्रश्न दुसरा विचारा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, आणि रक्तदाबाची गोळी, विमानात आणि पहिल्या दोन दिवसांत कोणत्या वेळी द्यायची, हे तारीख-वेळेसकट कागदावर लिहून घ्या. साडेबारा तासांचा फरक म्हणजे सकाळची गोळी रात्रीवर जाते. मधे एक डोस दोनदा दिला गेला किंवा गोळी घेऊन जेवण राहिलं, तर साखर एकदम खाली येते. औषधं हँडबॅगेतच, मूळ पाकिटांत, प्रिस्क्रिप्शनसह. इन्शुलिन सामानात टाकलं तर विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जिच्याकडे तुम्हा दोघांचंही लक्ष गेलेलं दिसत नाही. जहाज व्हँकुव्हरलाच परत येतंय. म्हणजे जे बघायचं ते सगळं आधीच उरकायला हवं असं मुळीच नाही. त्या रविवारपर्यंत तुम्हाला तिकडे नऊ दिवस झालेले असतील आणि घड्याळ बऱ्यापैकी जागेवर आलेलं असेल. परतीचं विमान एक-दोन दिवस पुढे नेलंत तर कॅपिलानो, आणि हवंच असेल तर व्हिक्टोरियासुद्धा, ताज्या डोळ्यांनी होईल. तीन तिकिटांचा बदल किती पडतो ते विचारा आणि शनिवारची गाडी, फेरी, बागेची तिकिटं रद्द केल्यानं वाचणारे पैसे त्यातून वजा करा. मी तुमच्या जागी असते तर हाच पर्याय घेतला असता. विमान हलत नसेल, तर व्हिक्टोरिया सोडून द्या आणि शनिवारी सकाळी ग्रॅनव्हिलऐवजी कॅपिलानो ठेवा. कॅनडा प्लेसपासून त्यांची मोफत शटल असते, पहिली पकडा. पूल १४० मीटर लांब आहे, ७० मीटर उंचीवर आणि चांगलाच हलतो. सासूबाईंना अलीकडेच थांबायचं असेल तर थांबू द्या. रविवारी सकाळी तो ठेवू नका. परतीच्या विमानाबद्दल आणखी एक : ते बाराच्या सुमाराचं किंवा त्याआधीचं असेल तर बदलाच. उतरणं, बॅगा शोधणं, विमानतळ गाठणं यात सकाळ जाते.

कागदपत्रं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसे लागतात. शेवटी पुन्हा कॅनडात शिरायचं आहे, म्हणून कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते आजच पाहा. वाटेत अमेरिकेत विमान बदलत असाल तर तिथं इमिग्रेशन होऊन बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तिथं दोन तासांचं अंतर अपुरं आहे.

विमानतळावरून कॅनडा लाइन ही ट्रेन सुमारे २५ मिनिटांत वॉटरफ्रंटला आणते, तिथून कॅनडा प्लेस चालत काही मिनिटं. फाटकाला क्रेडिट कार्ड टेकवलं की झालं, पण एका कार्डावर एकच माणूस जातो, म्हणून तिघांची तीन कार्डं हवीत. विमानतळावरून निघताना भाड्यावर काही डॉलर जादा लागतात. तिघं, चार मोठ्या बॅगा आणि दमलेल्या सासूबाई असा हिशेब असेल तर टॅक्सी घ्या. विमानतळावरून शहरात जायचे दर विभागानुसार ठरलेले असतात, मीटरची धास्ती नाही.

बॅग आली नाही तर? पट्ट्याजवळून हलायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. तिथं हॉटेलचा पत्ता देऊन भागत नाही. जहाजाचं नाव आणि तारखांसह बंदरांची यादी द्या. अलास्कातल्या जूनो बंदराला बाहेरून यायला रस्ताच नाही, बॅग येईल ती विमानानंच, आणि जहाज निघाल्यावर पहिला दिवस सहसा समुद्रावर जातो. म्हणजे बॅग केचिकन किंवा जूनो या अलास्कातल्या बंदरांशिवाय भेटणार नाही. म्हणून प्रत्येकाच्या हँडबॅगेत दोन दिवसांचे कपडे आणि एक गरम जाकीट असलंच पाहिजे. तिघांचे कपडे सगळ्या बॅगांत मिसळून भरा, म्हणजे एक बॅग हरवली तरी कुणी एक जण पूर्ण उघडा पडत नाही.

रविवारी सकाळी निवांत नाश्ता करा, आंघोळी उरका. क्रूझ कंपनीनं दिलेल्या वेळेलाच धक्क्यावर जा. बॅगांचे टॅग घरूनच छापून न्या आणि हँडलला स्टेपल करा. बॅगा पोर्टरकडे दिल्या की त्या संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येत नाहीत. पासपोर्ट किंवा औषधं त्यात राहिली तर रांगेच्या शेवटी परत फिरावं लागतं. कॅनडा प्लेसला अमेरिकेची तपासणी जहाजावर चढण्याआधीच होते, त्यामुळे बाजारातून घेतलेली फळं सोबत नकोत, ती तिथंच ठेवावी लागतात. धक्क्यावर एकाच दिवशी दोन-तीन जहाजं असली तर ही रांग लांबते. बंदराचं वेळापत्रक आधी बघितलंत तर कळेल. रांगेत सासूबाईंसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती क्रूझ कंपनीकडे काही आठवडे आधी मागा, धक्क्यावर गेल्यावर मिळेलच असं नाही.

जहाजावर चढाल तेव्हा पुन्हा तळाची वेळ येणार आहे. केबिन मिळाली की पलंगाकडे न जाता आधी आपत्कालीन जमावाच्या ठिकाणी जाऊन तिघांची नोंद करून या. ती सक्तीची असते आणि झोपलात तर तुमच्या नावानं पुकारा होतो. मग झोपा, पण साडेचारचा अलार्म लावून. जहाज सुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात लायन्स गेट पुलाखालून जातं, तेव्हा डेकवर असायला हवं.

पहिल्या एक-दोन रात्रींत जहाजावर घड्याळ एक तास मागे करतात, कारण अलास्का व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे. तुमचं शरीर त्याच दिशेनं सरकत असल्यानं तो एक तास जास्तीच्या झोपेचा मिळतो. फक्त फोन टॉवर पकडून कधी इकडची, कधी तिकडची वेळ दाखवतो. बंदरावर उतरताना परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळानंच मोजतात. सासूबाईंच्या हातात साधं मनगटी घड्याळ असेल तर ते जहाजाच्या वेळेवर लावून द्या आणि तिघांनी तेच बघा.